शनीसाठी जागा पाहिजे

रायपुरात राजधानी आल्यापासून जागा शोधत न फिरलेला माणूस सापडणे कठीण. पण शनी-गुरूसाठी जागा शोधत फिरलेला माणूस अख्ख्या छत्तीसगडात एकच, आणि तो माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. रेल्वेतून निवृत्त होताच साडूंनी दुर्बीण घेतली आणि मुलीसाठी स्थळे पाहावीत तशी ते जागा पाहू लागले. कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी गच्ची गाठत आणि वाकून तळहात फरशीवर टेकवत. माझ्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गच्चीवरून उतरता उतरता त्यांनी पाहुण्यांदेखत निकाल दिला, "घर झकास हाय, पण गुरूच्या कामाचं नाही. स्लॅब लय तापते."

त्यांचे शास्त्र साधे होते. ग्रह मुळातच तेजस्वी, त्यांना काळोखाशी फारसे देणेघेणे नाही. हवा मात्र स्थिर हवी. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दुर्बिणीत शनीचे कडे पाण्यात पडल्यासारखे हलते. त्यामुळे तेलीबांध्याचा तलाव पास झाला आणि काठावरच्या भजीवाल्यांच्या भट्ट्यांनी लगेच नापासही झाला. नव्या रायपुरात दिवे कमी म्हणून मी त्यांना मोठ्या आशेने नेले, तर म्हणाले, "अंधार काय चाटाचा हाय? सडक तव्यावानी तापून राहिली." तिथल्या चौकीदाराने विचारले, "भैया, प्लॉट देख रहे हो?" "हव, शनि महाराज के लिए," साडू म्हणाले. चौकीदार हात जोडून मागे सरला तो सरलाच.

खरी अडचण घरातच होती. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको, आमच्या ताई, दर शनिवारी शनीला तेल वाहणाऱ्या. "ज्याची नजर लोक टाळतात, त्याच्या डोळ्याले डोळा काहून भिडवू मी?" त्या म्हणत. साडूंना वाटे, एकदा निवांत हवेत ते कडे स्वच्छ दिसू दे, मग ही नाही म्हणणार नाही. सारी वणवण तेवढ्यासाठी. त्यात त्यांना काचबिंदू निघाला, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, आणि ब्राह्मणपाऱ्यातल्या घरात साडू दुर्बिणीशेजारी नुसते बसून राहू लागले. मला ते बघवत नसे.

वैशाखात एकदा तिन्हीसांजेला गेलो तर ताई पदर खोचून अंगणातल्या फरशीवर बादल्यांमागून बादल्या पाणी ओतत होत्या. मग वाकून त्यांनी फरशीवर तळहात टेकवला आणि हाक मारली, "अहो, झाली थंड. मांडा तुमचा शनी." कडे त्या दिवशी जराही हलले नाही. साडू दुर्बिणीवरून डोळा काढीनात. शेवटी ताईंनीच त्यांना बाजूला केले, हात जोडले आणि डोळा लावला. मग म्हणाल्या, "अगं बाई, एवढुसा हाय हा! अन् किती एकटा."

आता साडूंना दुर्बिणीतले काही दिसत नाही. तरी शनी संध्याकाळी वर असतो त्या दिवसांत अंगण भिजते, साडू खुर्ची टाकून बसतात आणि ताई वाकून बघतात.

"हाय का?"

"हव, हाय. कड्यासकट हाय. तुम्ही चहा घ्या."