साहेब आणि सुसर

कुणावर लिहावं एवढी माझी तयारी नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि आजवर जे लिहिलं ते उत्तरपत्रिकेतच. लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा. पण फरीदाबादच्या माझ्या घरमालक काकांइतका सुसरीला घाबरणारा, आणि त्या भीतीपायी एवढा शूर झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काका मूळचे सांगलीकडचे, केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक म्हातारा पांढरा पॉमेरेनियन कुत्रा होता. त्याचं नाव साहेब. जन्मभर साहेबलोकांपुढे उभं राहिलेल्या काकांना त्यालाही अरे-तुरे करणं जमलं नाही. "साहेब, निघायचं का?" असं विचारूनच ते पट्टा अडकवत. कॉलनीमागून कालवा वाहतो. फिरताना पाण्याच्या बाजूला काका आणि आतल्या बाजूला साहेब, हा क्रम कधी मोडला नाही. हातात घुंगरू बांधलेला बांबू, तो दर दहा पावलांवर जमिनीवर आपटायचा. फाटकाखालची फट पत्रा ठोकून बंद. साहेबांचं पाण्याचं भांडं पहिल्या मजल्यावर, कारण सुसरीला जिना चढता येत नाही. तो साहेबांनाही चढता येत नसे, त्यामुळे त्यांना तहान लागली की काका त्यांना उचलून वर नेत.

एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, इथे मगर येत नाही. माझ्या पर्यावरणाच्या नोट्समध्ये आहे."

"त्या नोट्स सुसरीनं वाचल्यात का?"

मग हळूच म्हणाले, "लहानपणी कृष्णेच्या घाटावर माझा मोती पाणी प्यायला उतरला. मी चेंडू शोधत होतो. वळून बघतो तर मोती नाही." बराच वेळ ते साहेबांचे कान कुरवाळत बसले.

ते 'मगर' कधी म्हणत नसत. "इथे 'मगर' म्हटलं की लोक 'मगर क्या?' विचारतात आणि पुढच्या वाक्याची वाट बघतात. तोवर साहेब संपले!"

पावसाळ्यातल्या एका सकाळी ते अंगणातून ओरडले, "सुसर! सुसर आली! गेट, गेट!" बिहारहून आलेला नवा गार्ड रुजू होऊन दोनच दिवस झाले होते. त्यानं ऐकलं 'ससुर'. टोपी सारखी करून त्यानं फाटक सताड उघडलं आणि सलाम ठोकला. समोरून हातभर लांबीची घोरपड डुलत आत आली.

"अंकल जी, ससुर जी कहाँ हैं?"

"तेरे पैर के पास!" साहेबांना छातीशी धरून काका स्कूटरच्या सीटवर उभे होते.

"काका, घोरपड आहे ती," मी म्हटलं.

"आज घोरपड आली. उद्या तिची आत्या येईल!"

त्या दिवसापासून अख्खी कॉलनी काकांना 'ससुर जी' म्हणू लागली. हसणाऱ्यांत मीही होतो.

पुढे क्लाससाठी मी दिल्लीतल्या द्वारकेला राहायला गेलो. हिवाळ्यात साहेब गेले. म्हातारपणानं, काकांच्या मांडीवर.

आणि गेल्या आठवड्यात गार्डनं मोबाईलवर एक फोटो पाठवला. कालव्याच्या काठावर वनखात्याची माणसं, आणि त्यांच्या मधोमध दोरीनं बांधलेली खरीखुरी मगर. खाली लिहिलं होतं, 'ससुर जी सच में आ गए.'

मी लगेच काकांना फोन केला. "काका, तुमचंच खरं होतं. मी हसलो, माफ करा."



"ते सोड रे. पण हे साहेबांना कळायला हवं होतं. त्यांनाही वाटायचं, मी उगाचच उचलतो."