मोसंबीला पाजलेलं पाणी

आत्याबाईंच्या घरात खुंटीवर एक कोयता टांगलेला होता. आत्याबाई म्हणजे माझी सासू. उभी हयात त्यांनी दुसऱ्याचा ऊस तोडला. कमरेचा काटा ढिला झाला तेव्हा थांबल्या आणि घरामागं मोसंबीची झाडं लावली. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला ती खुंटी दाखवली. "बाग धरली की ह्यो कोयता हितंच गंजंल. तुला न्हाई जाऊ द्यायची मी फडावर." सासू असं बोलते होय? मला तर खरंच वाटेना.

झाडं फळावर यायच्या बेतात होती आणि पावसानं दडी मारली. एक साल गेलं, दुसरंही तसंच. विहिरीचा तळ उघडा पडला. प्यायला टँकर, आणि तोही त्याच्या मर्जीनं यायचा. मोसंबीला कोण विचारतो!

मी तेव्हा गावातल्या बायकांच्या सहकारी संस्थेत सूत रंगवायला जायचे. पत्र्याचं शेड, मोठाली पातेली, आणि पातेल्यांतून निघालेलं लालभडक पाणी. आधी ते ओढ्यात सोडायचो. दुष्काळात नवं पाणी मिळेना, तेव्हा शेडला कुलूप लागायची वेळ आली. मग कॉलेजातल्या एक बाई आल्या आणि त्यांनी पऱ्हाट्यांचा कोळसा करायला शिकवलं. कापूस वेचून झाला की रानात उरतात त्या काड्या म्हणजे पऱ्हाट्या. चुलीत घालायच्या नाहीतर बांधावर पेटवून द्यायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक. बाईंनी खड्डा खणायला लावला. पऱ्हाट्या पेटून लाल झाल्या की राख व्हायच्या आत माती ओढून कोंडायच्या. निवल्यावर तो कोळसा कुटायचा, धुवायचा, ड्रममध्ये वाळूवर त्याचा थर द्यायचा आणि वरून रंगाचं पाणी ओतायचं.

पहिल्यांदा खालच्या तोटीतून धार आली तेव्हा आम्ही सगळ्या वाकून बसलो होतो. वर कुंकवासारखं लाल ओतलेलं, आणि खाली नितळ! एकीनं बादलीत रुपया टाकला, तर त्याच्यावरची अक्षरं वाचता आली. "अगं बया!" म्हणून सगळ्या ओरडलो. असं पाणी बघून किती दिवस झाले होते. टँकरचंसुद्धा गढूळ यायचं.

बाईंनी जाताना बजावलं होतं, हे पाणी पुन्हा रंगालाच वापरा, दुसरीकडं नेऊ नका. का, ते आम्ही विचारलं नाही. पण तुम्हीच सांगा, तहानलेल्या गावात नितळ पाणी पुन्हा रंगात ओतायला कुणाचा हात धजावणार? ओतताना जीव तुटायचा. आमच्या अध्यक्षाच एक दिवस म्हणाल्या, "ह्ये पाप हाय बायांनो." मग बैठक बसली. कुणाच्या घरी काय वाळतंय ते सगळ्यांना माहीत होतं. रंगवायचं काम निम्म्यावर आणायचं आणि हे पाणी आत्याबाईंच्या मोसंबीला द्यायचं, असं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. एरवी चहातल्या साखरेवरून भांडणाऱ्या बायका ह्या! मला रडू आवरेना.

आत्याबाई रोज कळशी कळशी घालायच्या. मातीत मुरेपर्यंत तिथंच उकिडव्या बसायच्या. "प्या गं, पोटभर प्या," असं झाडांना म्हणायच्या. थोडे दिवस बरे गेले. मग पानांच्या कडा करपल्या. आम्हाला वाटलं, तहान हाय, म्हणून जास्त घातलं. पानं गळायला लागली, तसं आणखी घातलं. शेवटी बुडाशी मातीवर पांढरी पपडी धरली.

त्या पपडीला आत्याबाईंनी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. शेडमधलं काही तोंडात घालायचं नाही असा संस्थेचा नियम, म्हणून इतके दिवस ते पाणी कुणी चाखलंच नव्हतं. आम्ही डोळ्यांनीच पारखलं.

"खारं हाय गं," एवढंच त्या म्हणाल्या.

मीठ! सुतावर रंग पक्का बसावा म्हणून पातेल्यात मीठ पडतं, गोणीच्या गोणी, आणि ते आमच्याच हातांनी पडतं. कोळशानं रंग धरून ठेवला आणि मीठ सोडून दिलं. त्याचा काय दोष? मला इतका संताप आला की मी त्या ड्रमला लाथ मारली. पाय सुजला, दुसरं काय!

एकही झाड वाचलं नाही. माझ्या नवऱ्यानं कुऱ्हाड घेतली. लाकूड चुलीला ठेवू म्हणाला, पण आत्याबाईंनी ऐकलं नाही. भारा डोक्यावर घेऊन त्या संस्थेच्या खड्ड्यापाशी गेल्या. "ह्येचा बी कोळसा करा. तुमचं काम बंद पडाया नको." माती त्यांनी स्वतः ओढली. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. आत्याबाईंनी कुणाला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक गावात आला. संस्थेत माझ्या जागी आत्याबाई जायला लागल्या होत्या, कोळशाच्या खड्ड्यावर. त्या दिवशी तिथून लवकर आल्या. मी गाठोडं बांधत होते. त्यांनी खुंटीवरचा कोयता काढला, उंबऱ्यात बसून दगडावर घासला, अंगठ्यानं धार बघितली आणि माझ्यापुढं केला.

"धर," म्हणाल्या, आणि माझ्याकडं न बघता आत गेल्या.

मुठीवर त्यांच्या बोटांचा कोळसा लागला होता. फडातल्या पहिल्याच दिवशी तो माझ्या घामानं निघून गेला.