देवराईचा ऐन

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही. ऐका, एवढंच.

मला वाढवलं मामाने. कापड्याच्या सखाराममामाने भात विकून मला महाडला शिकवलं, मग पुढे कॉलेजात पाठवलं. आमच्या खोऱ्यातला पहिला बी.एस्सी. मी. मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची, "आमचा बाळ सायन शिकलाय." ते सांगतानाचा तिचा चेहरा — तो अजून दिसतो.

मी महाडला हायस्कुलात मास्तर झालो, त्याच सुमारास मामाने लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली. पोलादपूर ते कापडे माणसं न्यायची होती. पण ओढ्यातले धोंडे तिच्या पोटाला लागायचे, आणि मोठे टायर घालावेत तर ते वर घासायचे. मग ठरलं — खालच्या चासीवरून, म्हणजे लोखंडी सांगाड्यावरून, बॉडी उचलायची, मध्ये लाकडाचे ठोकळे घालायचे, लांब बोल्टांनी पुन्हा जखडायची. घरीच, खळ्यात. ठोकळे करायचे धोंडू सुताराने, बोल्ट आवळायचे मी. का मी? मी शिकलेला ना!

धोंडूकडे तेवढं पक्कं लाकूड नव्हतं. देवराईत मात्र वादळाने पाडलेला जुना ऐन होता. आमच्याकडे देवराईतली काटकीसुद्धा कुणी घरी आणत नाही. धोंडू नको म्हणाला. मी हसलो. "देव काय लाकडं मोजत बसतो काय रे?" — हे माझे शब्द. माझ्या शब्दावर त्याने तो ऐन आणला. मी सांगितल्याचं तिसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

वाडीतल्या माणसांनी बल्ल्या घालून बॉडी उचलून धरली. मामी ओटीवरून ओरडत होती, "जेवताना बरे हात चालतात रे तुमचे, आता कुठं गेला जोर?" सगळे हसत होते. मी एकेक बोल्ट आवळत गेलो.

शेवटचा राहिला मागचा, उजवीकडचा. तिथला ठोकळा जरा जाड उतरला होता, म्हणून बोल्ट तोकडा पडला. नट जेमतेम दोन आट्यांवर धरला. लांब बोल्ट आणायला महाडला जावं लागणार होतं. आणि समोर नारळ, हळद-कुंकू, नवं लुगडं नेसून पहिल्या फेरीला तयार झालेली मामी.

मामाने विचारलं, "आवळलंस ना रे सगळं?"

मी म्हटलं, "हो मामा."

का म्हटलं? दमलो होतो म्हणून? की शिकलेल्या भाच्याचं काम अपुरं राहिलं, हे चारचौघांत बोलवेना म्हणून? — हे दुसरं कारणच खरं.

मामा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी. मामी मागे, कडेला. ओढ्याच्या उतारावर चाक खड्ड्यात गेलं, मागचा कोपरा उचलला, ठोकळा निसटला आणि बॉडी एका अंगाला आदळली. मामी धोंड्यांवर फेकली गेली. पोलादपूर येण्याआधीच ती संपली होती.

पण त्याआधी, लोक तिच्याभोवती जमले असताना, मी मागे गेलो. ठोकळा रस्त्यात पडला होता. शाबूत. चीरसुद्धा गेली नव्हती. जवळच बोल्ट होता, टोकाचे आटे घासून गुळगुळीत झालेले. तो मी उचलला आणि ओढ्याच्या डोहात टाकला. ठोकळा तिथेच राहू दिला.

मग गावाने देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगाला कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं — देवराईचं लाकूड आणलं, त्याचंच हे झालं असेल तर उजवी दे. उजवी कळी पडली. धोंडूने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी हात जोडून उभा होतो. मुलांना कार्यकारणभाव शिकवणारा मी! त्याने माझं नाव घेतलं नाही.

मामाने त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही. कुणी काम देईना, पंगतीत शेजारी बसेना. लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. आणि मला? मला मामा पोटाशी धरून रडला होता. "तुझी आयच गेली रे, बाळा."

काही वर्षांनी धोंडू महाडला माझ्या बिऱ्हाडी आला. आत येईना, पायरीवरच बसला.

"मास्तर, तुमी शिकलेले. खरं सांगा, त्या लाकडानंच झालं काय वो? मला झोप नाय."

उत्तर माझ्यापाशी होतं. एका वाक्याचं. मी म्हणालो, "देवाचं कुणी सांगावं, धोंडू?"

"हां, तेपण खरं हाय," म्हणाला आणि उठला. पुढे मरेपर्यंत तो देवराईच्या कडेला नारळ ठेवून माफी मागत राहिला. मामाही गेला — शेवटचं पाणी माझ्याच हातून पिऊन.

लाकूड शाबूत होतं. नट पुरता बसला नव्हता, आणि ते मला नारळ फुटण्याआधीच ठाऊक होतं.