स्टँडवरून खानापूर

काही महिने आमच्या घरातली सायकल जमिनीला टेकलीच नाही. पुढच्या पडवीत तीन पायांच्या एका उंच स्टँडला ती लटकलेली असे. स्टँडच्या टोकाला चिमटा, चिमट्यात सीटखालची नळी आणि दोन्ही चाकं हवेत. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण फाटकाशी थांबून बघायचा. कुणी विचारलंच तर सासूबाई सांगायच्या, "आमची सून सायकलीचा दवाखाना चालवालीय."

स्टँड मी मागवला नव्हता. तो माझ्या नवऱ्याचा उद्योग. रविवारी पहाटे, बेळगाव अजून धुक्यात असताना, हे सायकल काढून खानापूर रोडला लागायचे. कधी खानापूर, कधी नंदगड, आणि एकदा तर उलट्या दिशेला, माझ्या माहेरी निपाणीला सायकलवरून जाऊन धडकले. माझी आई घाबरून म्हणाली, "जावईबापू, बस बंद हाय काय?" सायकलीची डागडुजी घरीच करायची, खाली बसून कंबर मोडून घ्यायची नाही, म्हणून त्यांनी ऑनलाइन तो स्टँड मागवला. खोकं आलं तेव्हा मात्र हे घरी नव्हते, दवाखान्यात होते. आदल्याच रविवारी खानापूरच्या अलीकडे, गणेबैलच्या चढावर त्यांच्या छातीत कळ आली आणि ते रस्त्याकडेला बसून राहिले. भाजीचा टेंपो चालला होता, त्यातल्या भल्या माणसानं यांना आणि सायकलीला एकदमच बेळगावात आणून सोडलं. मी हायस्कुलात गणित शिकवते, पण त्या आठवड्यात मला साधी बेरीज सुचत नव्हती.

घरी आल्यावर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असा हुकूम होता. गप्प बसणं मात्र यांच्या रक्तातच नाही. मग ते खुर्चीत बसून सांगणार आणि हात माझे चालणार, असं ठरलं. पहिल्या दिवशी मी सायकल उचलून मधल्या आडव्या नळीलाच चिमटा लावला आणि जोर लावून आवळायला लागले. खरं सांगायचं तर त्या सायकलीवर माझा राग होता. हे खुर्चीतून ओरडले, "अगं, चेपशील की नळी! सीटखालची धर, ती घट्ट असती."

हळूहळू हात बसला. रॉकेलमध्ये जुना टूथब्रश बुडवून चेन घासायची, जुन्या बनियनच्या चिंधीनं पुसायची, एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडायचा. चाक फिरवून ब्रेकच्या दोन रबरांमधून डोळा लावून बघायचं. कुठं ते एका अंगाला लचकतंय ते दिसतं, त्याला आऊट म्हणतात. तिथली तार किंचित आवळायची, समोरची किंचित सैल करायची. पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं. वही तपासताना माझा जीव कधी इतका रमला नव्हता. चाक सरळ झालं की ते फिरतंय की थांबलंय हे कळेनासं व्हायचं, नुसती एक चमक हवेत उभी राहायची. तिच्याकडे बघत मी किती वेळ घालवलाय, देव जाणे.

पावसाळ्यातल्या दुपारी मग आमचा एक खेळ सुरू झाला. पडवीबाहेर पागोळ्या गळत असायच्या, सासूबाई आत झोपलेल्या, आणि मी एका हातानं पेडल फिरवत बसायची. मागचं चाक हवेत घुमायचं. हे डोळे मिटून सांगायचे, "मच्छे आलं." थोड्या वेळानं, "झाडशहापूर." चढ आला की म्हणायचे, "गिअर बदल," आणि मी खटकन गिअर बदलायची. प्रभूनगरला वारा समोरून यायचा म्हणे, म्हणून मी पेडल जरा जड फिरवल्यासारखं करायची. मग मलप्रभेचा पूल यायचा. खाली नदीत कुणी म्हशी धूत असायचं, कधी पलीकडे भातलावणी चाललेली असायची. हे बोलत आणि मला ते सगळं दिसत असे. मी पुन्हा पेडल मारलं की चाकाच्या वाऱ्यानं माझ्या कपाळावरचे केस उडायचे, आणि आपण खरोखर कुठंतरी चाललोय असं वाटायचं. एकदा आम्ही असेच लोंढ्यापर्यंत गेलो. रेल्वे फाटक लागलंय म्हणून यांनी मला हात थांबवायला सांगितलं, आणि गाडी जाईपर्यंत मी थांबलेही.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. प्रभूनगरनंतर हे थेट नदीच्या पुलावरच पोचायचे. मधलं गणेबैल कधी यायचंच नाही. मला वाईट वाटू नये म्हणून गाळतात, असं मी धरून चालले होते. मनात म्हणायची, बरंय, शहाणा माणूस आहे.

पावसाळा सरत आला तशी डॉक्टरांनी परवानगी दिली. सपाट रस्त्यानं, बेतानं, दमायचं नाही, पण सायकल चालवा म्हणाले. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. मी म्हटलं नव्हतं. दर रविवारी मला सायकलीत काही ना काही सापडायला लागलं. आज ब्रेकची रबरं झिजलीत. आज मागच्या चाकातून खरखर येतेय, उघडून बेअरिंगचे छर्रे बघायला पाहिजेत. आज गिअरची केबल बदललेली बरी. इतर दिवशीही शाळेतून आल्या आल्या मी पाने-पकड घेऊन स्टँडपाशी उभी राहायची. सायकल त्या चिमट्यात आहे तोवर माझा माणूस घरात आहे, इतकं ते सोपं गणित होतं. यांनी एकदाही कुरकुर केली नाही. "व्हय, बघ बाई नीट," एवढंच म्हणायचे. शेवटी सासूबाईच वैतागल्या. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! काय शोधालीस रोज त्यात?"

बघता बघता खंडेनवमी आली. सकाळपासून गल्लीत पाइपनं गाड्या धुणं चाललं होतं. मोटारसायकलींना ऊस बांधले जात होते, कुणी कोहळा फोडत होतं. मी सायकल स्टँडवरच लख्ख पुसली, हँडलला झेंडूची माळ घातली, चेनच्या चक्राला हळदकुंकू लावलं. पाट मांडून त्यावर पाने ठेवले. ओवाळून झाल्यावर सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे दोन चाकांखाली दोन लिंबं ठेवली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. लिंबं फरशीवर होती आणि चाकं त्यांच्यापासून हातभर वर.

"हे गं काय? लिंबू चिरडणार कसं?"

"मी चाक फिरवते की हातानं," मी म्हटलं.

"हवेत चाक फिरवून कुठं पोचतंय व्हय कोण? वाहन पुजलं की हलाय पायजे. उतरीव ते."

सणाच्या दिवशी सासूशी वाद घालायची माझी टाप नाही. मी चिमटा सैल केला. सायकलीचं सगळं वजन एकदम हातात आलं. ती खाली ठेवली. हे नवा शर्ट घालून दारात उभे होते.

"घ्या," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा कडक निघाला. "गल्लीच्या टोकापर्यंत. पुढं न्हाय."

हे जवळ आले. हँडलला हात लावला, काढला. खाली बघत म्हणाले, "चेन जरा कोरडी वाटालीय न्हवं?"

"सकाळीच तेल घातलंय."

"मागच्या चाकात आऊट हाय बघ थोडा."

"न्हाय. केसभरबी न्हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. ती सगळी माझीच वाक्यं होती, महिनाभर मी हेच बोलत आले होते. हे अगदी हळू, सासूबाईंना ऐकू जाऊ नये असं बोलले. "लई भ्या वाटतंय गं. तू दर रविवारी काहीतरी खोट काढायचीस, मला बरं वाटायचं. म्हणायचो, आजचा दिवस टळला."

मी मूर्खासारखी उभी राहिले. मला वाटत होतं मी यांना धरून ठेवलंय. यांना डांबून ठेवल्याचं पाप आपल्या माथी, अशा समजुतीत मी रात्री कूस बदलत होते, आणि इकडे हे स्वतःच त्या चिमट्याला धरून बसले होते. गणेबैल त्यांनी माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी गाळलं होतं. मला त्यांची इतकी दया आली आणि इतकं प्रेम वाटलं की माझी स्वतःची भीती क्षणभर कुठं ठेवावी कळेना.

"मलाबी वाटतंय," मी म्हटलं. "चला, दोघं मिळून ढकलू."

एका बाजूनं त्यांनी हँडल धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. पुढचं चाक लिंबावरून गेलं, फट्‍ आवाज झाला. मग मागचं. फाटकाबाहेर आलो तेव्हा समोरच्या घरातल्या माणसांनी उगीच टाळ्या वाजवल्या, तशी यांनी मान खाली घातली आणि टांग टाकली.

"ब्रेक लागतील न्हवं?"

"मी बसवलेत."

यांनी एक पाय पेडलवर ठेवला, दुसऱ्यानं जमीन ढकलली. सायकल आधी डुगडुगली, मग सरळ झाली. चेनचा आवाज येत नव्हता, इतकी ती साफ होती. झेंडूची माळ हँडलवर हलत होती. ऊस बांधलेल्या मोटारसायकलींमधून हे हळूहळू लहान होत गल्लीच्या टोकाला पोचले, आणि तिथून माघारी वळायचं सोडून मोठ्या रस्त्याकडे वळले.

"अगं, गेला की तो!" सासूबाई म्हणाल्या. "हाक मार, हाक मार!"

माझ्या तोंडात हाक आली होती. मी ती मारली नाही.