झाकणांचा स्टँड

लोक एकमेकांकडे गेले की "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारतात. हा गृहस्थ विचारायचा, "तुमची अडचण काय?" म्हणून साऱ्या नात्यागोत्यात त्याचं नाव अडचणराव पडलं. रंगाच्या कारखान्यातली गोदाम सांभाळायची नोकरी गेल्यापासून तो घरीच होता. मग मोबाईलवरच्या कुणा गुरूने त्याच्या डोक्यात भरवलं, की ऑनलाइन विकायचं असेल तर आधी माल शोधू नका, लोकांची न भागलेली गरज शोधा. झालं! अडचणराव गरज शोधायला बाहेर पडला आणि ज्यांना कसलीच गरज नव्हती त्यांचे हाल सुरू झाले.

पद्धत मोठी शास्त्रशुद्ध. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरायचं, स्टूल ओढून बसायचं आणि घरातली बाई काय करते ते टक लावून बघायचं. मामीने बाटलीचं बूच फडक्यात धरून फिरवलं, की याने कान टवकारलेच. "मामी, मनगट दुखतं का?"

"नाही रे बाबा."

"नीट आठवून बघा."

बिचारी मामी आठवत बसली आणि दूध उतू गेलं. ओटा पुसायचं सोडून अडचणराव त्या दुधाकडे आशेने बघत राहिला. अडचण हाती लागल्याशिवाय स्वारी हलायची नाही. घरातले लोक जांभया द्यायला लागले, तर त्यात त्याला गाद्यांचं गिऱ्हाईक दिसायचं.

एक दिवस थोरल्या बहिणीने कपाट उघडलं आणि सुस्कारा सोडला. "डबे ढीगभर आहेत रे, पण झाकण वेळेवर सापडेल तर शपथ!"

मग चमत्कारच झाला. मावशीकडे गेला, तर तिचंही झाकणांचंच रडगाणं. मामीचं तेच, आत्याचं तेच. चुलतभावाच्या दारात तर त्याने चप्पलही काढली नव्हती, तोच वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आमच्याकडे ना, झाकणं फार हरवतात हो." अडचणरावाला गहिवरून आलं. जगाची दुखरी नस त्याला सापडली होती, आणि गुरूला तरी यापेक्षा काय वेगळं हवं होतं?

त्याने झाकणं उभी लावायचा प्लास्टिकचा स्टँड बनवून घेतला. खोकी घरी आली आणि पुढच्या खोलीत छतापर्यंत चढली. ती खोली बायकोची, म्हणजे तिच्या शिवणकामाची. मशीन स्वयंपाकघरात गेलं. माप द्यायला आलेल्या एका बाईला शेगडीशेजारी उभं केलं, तर ती फोडणीत ठसकली आणि पुन्हा फिरकली नाही. बायको एवढंच म्हणाली, "अहो, माल लवकर खपवा. नाहीतर माझी उरलेली गिऱ्हाइकंही जातील."

पहिल्या आठवड्यात ऑर्डरी आल्या. सगळे पत्ते ओळखीचे, सगळ्यांचे पाच-पाच स्टार. त्यानंतर सामसूम. परक्या माणसाने घेतला तो एकच, त्याने एक स्टार दिला आणि लिहिलं, "माझी झाकणं डब्यांवरच असतात. हा स्टँड कशाला, ते कळलं नाही."

"जाहिरातीत वापरातला फोटो टाकला की बघ," असं बायकोला सांगून अडचणराव बहिणीकडे गेला. कपाट उघडून बघतो, तर डबे एका रांगेत आणि प्रत्येकावर आपापलं झाकण. स्टँड माळ्यावर, पाकीटसुद्धा न फोडलेला.

"ताई, तुझी अडचण?"

ताई वैतागली. "अरे, अडचण दिल्याशिवाय तू उठायचा नाहीस! रोज कुठली नवी काढायची? झाकणं म्हटलं तसा पाचव्या मिनिटाला गेलास. मग मीच सगळ्यांना फोन केले, झाकणं सांगा म्हणून."

घरी आला तेव्हा बायको फ्रिजला टेकून एका बाहीला टाके घालत होती. तो दारातूनच म्हणाला, "तुलाही आला होता का ताईचा फोन?"

"पहिला मलाच."

"आणि तू गप्प बसलीस?"

तिने दोरा दाताने तोडला. "नोकरी गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडायचात. मुलांशी बोलत नव्हतात, माझ्याशी नाही. त्या दिवशी ताईंकडून शीळ घालत आलात. मला वाटलं, असू देत झाकणं. माझी खोली जाईल हे कुठे माहीत होतं?"

अडचणरावाला लाज वाटली, ती लपवायला तो पुढच्या खोलीत गेला आणि वरचं एक खोकं उचललं. ते कुठे ठेवायचं ते कळेना, कारण घरात दुसरी जागाच नव्हती. ते छातीशी धरून तो तसाच उभा राहिला. शेवटी बायको आली आणि तिने खोक्याची दुसरी बाजू धरली.