कारणाचा रकाना

एस्तेरताई गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला, तेव्हा मी दाखल्यांचा गठ्ठा सहीसाठी लावत होते. त्यांच्या भाचीनं दोनच वाक्यं सांगितली आणि फोन ठेवला. मी नारायणगावच्या एका शाळेत लिपिक आहे. काहीही घडलं की आधी यादी करते. तशी ती त्याही दिवशी केली: पाळकसाहेबांना निरोप, शवपेटीसाठी जुन्नरच्या सुताराकडे माणूस, कबरस्तानात खड्डा, बाहेरगावी फोन, फुलं. सहाव्या ओळीला लिहून गेले, ‘कोणती गीतं म्हणायची, ताईंना विचारणे.’ लिहिलेलं वाचलं आणि पेन खाली ठेवलं... पुढची कामं इतरांनी केली.

आमची मंडळी लहान. जुन्नर, नारायणगाव, वारूळवाडी, मंचर मिळून मोजकी ख्रिस्ती घरं. ताई सरकारी नर्स होत्या. आंबेगावच्या डोंगरातल्या वाड्यांवर लशीची पेटी खांद्याला लावून पायी फिरायच्या. यजमान लवकर गेलेले, सुधीर हा एकुलता मुलगा. दर बुधवारी संध्याकाळी आम्हा बायकांची प्रार्थनासभा असायची, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. कुणासाठी प्रार्थना करायची याची वही माझ्याकडे. तिला मी चार रकाने आखले होते: अनुक्रमांक, नाव, कारण आणि उत्तर मिळाल्याची खूण. वहीचा मला अभिमान होता. ताई चेष्टा करायच्या, “शालन, देवाकडं पाठवताना जावक क्रमांक पन टाकत जा.”

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एकदा मंचरहून एसटीनं येताना ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “सुधीरला पुण्याला ठेवलंय. दारू सोडवायला. तू प्रार्थना कर.” मी केली. आणि बुधवारी वहीत नोंदही केली: ‘सुधीर. दारू. केंद्रात दाखल.’ ताई त्या दिवशी ड्यूटीवर होत्या. मी नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचलं, बायकांनी डोळे मिटून आमेन म्हटलं. त्यांच्यात विमलबाई होत्या. सुधीरचं लग्न त्यांच्याच पुतणीशी ठरलं होतं आणि मला ते माहीत होतं. वाचताना लक्षात आलं नाही, असं मी पुढे पुष्कळ वर्षं सांगत आले.

आठवड्याच्या आत लग्न मोडलं. सुधीरला ते केंद्रात कळलं आणि तो तिथून निघून गेला. दोन महिन्यांनी नाशिक रस्त्यावर ट्रकखाली सापडला. पोलिसांनी अपघात लिहिलं. ताईंनी त्यावर कधी काही विचारलं नाही. त्याला मातीआड केलं, त्याच्या पुढच्या बुधवारी यादीप्रमाणे सभा ताईंच्या घरी होती. मी बदलायला निघाले तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. नंबर माझा हाय.” त्यांनी चटया घातल्या, सगळ्यांना चहा दिला. मी वही उघडली तशा म्हणाल्या, “तो कारणाचा रकाना काढ, शालन. नुसतं नाव वाच. देवाला माहिती पुरवायला आपन कशाला पायजे?” मी पट्टी धरून रकान्यावर रेघ मारली. रेघ सरळ आली, याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर बायका ताईंचं मन राखायला म्हणून विमलबाईंच्या घरच्या बातम्या त्यांच्याकडे आणू लागल्या. एकदा मी तिथं असताना शेजारीण ओट्यावर टेकली. “ऐकलं का ताई, ती पुतनी सासरी नांदत न्हाई म्हनं. देव बघतो वो.” ताई शेंगा फोडत होत्या. “माझी लशीची पेटी बघितलीय ना तू? सकाळी बर्फ भरून निघते. दर दाराला उन्हात झाकण उघडलं तर दुपारपतोर आतला बर्फ जातो. लस दिसायला तशीच दिसती, टोचली तरी उपयोग नाय. सकाळी गुडघे टेकून प्रभूपाशी जेवढं भरून घेते, तेवढ्यावर माझा दिवस चालतो. सारखं उघडायला लावू नको.” शेजारीण जरा फणकाऱ्यानं म्हणाली, “म्हंजे आमी ऊन व्हय?” “ऊनच. बस, चहा ठेवते.”

ताईंना हे सोपं जात असेल असं मला वाटायचं. एका दुपारी सभेची यादी द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आत ताई भिंतीला कपाळ टेकून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, “नाय जमत, प्रभू. आज नाय जमत.” पुन्हा पुन्हा तेवढंच. मी यादी उंबऱ्यावरही न ठेवता परत आले.

नंतर त्यांना पोटाचा आजार झाला, तो हटला नाही. शेवटची भेट वारूळवाडीला, भाचीच्या घरी. मी गोळ्यांचं वेळापत्रक टाइप करून नेलं होतं. त्यांनी ते लांब धरून वाचलं. “लई छान. ह्यात मरायची येळ कुठं हाय?” मला हसता आलं नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोलत राहिल्या. “रोज सकाळी शेगडीपाशी उभी ऱ्हाऊन नावं घेते मी. ज्यांनी दुखावलं त्यांची. पुढं काय मागत नाय, नाव प्रभूपुढं ठेवते. विमलचं चार महिन्यांत आलं तोंडात. तुझं यायला दोन वर्षं लागली.”

“ताई, मी त्या दिवशी...”

“कारन नको सांगू.”

भाची मोसंबी सोलत होती, ती तशीच थांबली. मी विचारलं, “नाव घेतल्यावर हलकं वाटलं का?”

“नाय. दूध उतू गेलं तवा. पन दुसऱ्या दिवशी परत घेतलं.”

ताईंना जाऊन आता सहा आठवडे झाले. मीही सकाळी गॅसपाशी उभी राहते. बाकीची नावं येतात. विमलबाईंचं येत नाही. बातमी त्यांनी पोचवली, मी फक्त वाचली, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं आहे की ते नाव उच्चारायला गेलं की आधी कारणच पुढे येतं. दूध वर येतं, मी गॅस बंद करते, डबा भरते आणि शाळेत येते. परवाच्या बुधवारी त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. थकल्यात आता. गीत सुरू झालं तसं त्यांनी आपलं पुस्तक दोघींच्या मधे धरलं. मी म्हणाले, माझं आणलंय.

आणलं नव्हतं.