न धुतलेली वाळू

तार आली तेव्हा मी हरीला पत्र लिहीत होतो. ‘लाल मादी पुन्हा व्याली, या खेपेला अकरा पिल्लं आहेत, नऊ तरी जगतील,’ इथवर आलो होतो. तारेत होतं, हरिश्चंद्र आज पहाटे गेला, छातीत दुखण्याचं निमित्त झालं. मी तार दोनदा वाचली आणि का कोण जाणे, पत्रातलं ‘नऊ’ खोडून ‘सात’ केलं... धक्का बसला की माणसाचा हात काय करील, सांगता येत नाही. खरी गोष्ट अशी की नऊ नव्हती, सातही नव्हती, लाल मादीच नव्हती. माझ्या काचेच्या टाकीत त्या वेळी खडूच्या पेट्या ठेवलेल्या होत्या.

याला आता सहा आठवडे होतील. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. निदान लिहिताना तरी बसावं लागतं.

मुरूडच्या शाळेत हरी शास्त्र शिकवायचा आणि मी चित्रकला. तो कोळीवाड्यातला. घरची होडी, दोन्ही भाऊ समुद्रावर, हा एकटाच शिकून मास्तर झाला. त्याच्या पडवीत लोखंडी चौकटीत काचा बसवलेली टाकी होती, आणि तीत मुंबईहून लाँचमधून बरणीत जपून आणलेले लाल मासे. समोर अंगणभर बोंबील वाळत घातलेले आणि आत हे बिऱ्हाड! जाता-येता बायका त्याला सोडत नसत. “मास्तर, कोली असून मासं पोसतंस? कापायचं कवा?” “तुमची पाटी रिकामी झाली की सांगा, आधी तुमाला देईन,” हा म्हणायचा, आणि पुन्हा काचेला नाक लावायचा.

गोवा मुक्त झालं त्या सुमारास माझी माणगावच्या शाळेत बदली झाली. निघताना हरीनं मला एक नवी टाकी करून दिली, दहा मासे दिले, आणि आपल्या जुन्या टाकीतली बादलीभर काळपट, बुळबुळीत वाळू दिली. मी नाक मुरडलं. त्यानं माझं बोट धरून त्या वाळूत खुपसलं. “चिकट लागतंय ना? हीच खरी टाकी, काच नव्हे. माशाची घाण पाण्यात विष होते. ते विष खाणारे जीव या वाळूला चिकटून बसलेत, डोळ्याला दिसत नाहीत. नव्या टाकीत ते आपले आपण यायला महिना-दीड महिना लागतो, तोवर मासे मरतात. ही वाळू तळाशी घाल, म्हणजे ते पहिल्या दिवसापासून कामाला लागतील. ओली ठेव. पहिले आठ दिवस दोनच मासे, बाकीचे घागरीत. आणि बाळ्या... धुऊ नकोस.”

गोदावहिनी आतून म्हणाल्या, “विरजान म्हना की सरळ! भावजींना कलंल.”

ते विरजण मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसलो. रोह्यापर्यंत शेजारच्या बाकावर कुणी टिकलं नाही. एका बाईनं विचारलं, “काय मेलंय का बादलीत?” मी सुशिक्षित माणूस, तिला जिवाणूंवर व्याख्यान दिलं. बाई उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहिली. रोह्याला गाडी बदलेपर्यंत माझी स्वतःचीच खात्री डळमळली होती.

आमचं घराणं आगरातलं, नारळ-सुपारीच्या वाडीतलं. आमच्याकडे विहिरीवर पाय धुतल्याशिवाय माणूस घरात येत नाही, वाळू कुठली यायला? मी ती तीन पाण्यांनी धुतली. मग बंबातलं कढत पाणी ओतलं. वर सुपात पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवली. आमची ही म्हणाली, “अहो, भावजी धुऊ नका म्हणाले होते ना?” मी म्हटलं, “तो शास्त्रवाला आहे, त्याला सौंदर्यदृष्टी नाही.” वाळू अशी पांढरीशुभ्र झाली की सांगता सोय नाही. टाकी भरली, पाणी आरशासारखं. इतक्या सुंदर टाकीत दोनच मासे शोभेनात म्हणून दहाच्या दहा सोडले. तिसऱ्या दिवशी ते वर येऊन तोंडं वासायला लागले. सहाव्या दिवशी मी शेवटचा मासा अनंताच्या झाडाखाली पुरला.

त्याच दिवशी हरीचं कार्ड आलं, मासे कसे आहेत? मी लिहिलं, ‘उत्तम.’

एवढंच. एक शब्द. तो निस्तरायला मला तीन वर्षं पुरली नाहीत. त्याला खरं सांगितलं असतं तर चार शिव्या देऊन त्यानं दुसरी बादली दिली असती, हे मलाही कळत होतं. पण उत्तमच्या पुढच्या पत्रात मासे वाढले, त्याच्या पुढच्यात व्याले. चित्रकलेच्या माणसाला रंगवायला काय लागतं! हरी उलट टपाली सल्ले पाठवायचा, पिल्लं वेगळी काढ, खाणं कमी घाल. दोनदा तो माणगावला माझे मासे बघायला यायला निघाला. एकदा मी लिहिलं, घरात गोवर आहे. दुसऱ्यांदा लिहिलं, मी परीक्षेच्या कामाला पालीला चाललोय. गोवर नव्हता आणि पालीलाही गेलो नाही. आणि मुरूडला तरी कुठल्या तोंडानं जायचं? तीन वर्षांत आमची भेट झाली नाही, ती अशी. दहा मेलेल्या माशांपायी मी जिवंत मित्र लांब ठेवला.

तेराव्यालाही माझा पाय मुरूडकडे वळला नाही. त्यानंतर त्याच्या मुलीचं, सुमनचं कार्ड आलं. ‘काका, रीतीप्रमाणे घरातलं साठवणीचं पाणी ओतून टाकलं, त्यात पाहुण्यांनी आप्पांची टाकीही रिकामी केली. मासे विहिरीत सोडले. वाळू राखेनं घासून उन्हात वाळवली. आईला टाकी परत चालू करायची आहे, ती दुसरं काही बोलतच नाही. तुमच्याकडची वाळू आमचीच ना? त्यातली बादलीभर आणाल का?’

पाहुण्यांना मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

चार दिवस मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. मग आठवलं, हरीनं तळे गावच्या एका डॉक्टरांनाही अशीच वाळू दिली होती. गेलो. त्यांच्या दवाखान्यात बाकाशेजारी हिरवट पाण्यात लाल मासे मजेत फिरत होते. डॉक्टरांनी बादली भरून दिली. तिथून मुरूडच्या गाडीत वाळू मांडीवर, आणि मनात पक्कं ठरलेलं, की आपल्या टाकीतलीच म्हणून द्यायची. वाळूवर काय नाव लिहिलेलं असतं?

पडवीत वहिनींनी बादलीत हात घातला. बोटं एकमेकांवर चोळली. “ह्यांचीच,” म्हणाल्या. “भावजी, तुमी सांभालली.”

मला पाणी मागावंसं वाटलं, ते मागितलं नाही. म्हटलं, “वहिनी, ही तळ्याच्या डॉक्टरांची आहे. माझी मी धुतली. मासे आठवड्यात मेले. पत्रातलं सगळं खोटं.”

त्यांनी बोटांची वाळू परत बादलीत झटकली.

“ते मोट्यानं वाचायचे तुमची पत्रं,” त्या म्हणाल्या. “पिलं झाली की आमी साखर खायचो.”

“हरीला... कळलं होतं का?”

“मना न्हाय ठाव.” त्यांनी पदरानं हात पुसले. “तुमीच इचारायला पायजे व्हतं त्यांना. हितं यायचं व्हतं.”

मग त्यांनी बादली टाकीत रिकामी केली, स्वतःच. मी पाणी ओतत होतो, पाणी गढूळ झालं. सुमननं विहिरीतून फडक्यात मासे धरले. मी आपला सवयीनं सगळेच सोडायला गेलो, तर वहिनींनी मनगट धरलं. “दोनच. आठ दिस.”

काल सुमनचं कार्ड आलं. ‘दोन्ही मासे उत्तम आहेत. काळजी करू नये.’

मी ते तीनदा वाचलं. पोर गुणी आहे, माझ्यासारखी नाही. पण मासे उत्तम आहेत असं पत्रात लिहायला काय लागतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि काकांना वाईट वाटू नये म्हणून तिनं लिहिलं असेल तर?... रविवारी पहिल्या गाडीनं मुरूडला जातो आहे. स्वतः काचेला नाक लावून बघितल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही.